नाव सापडलं नाही म्हणजे नाव नाही, असं नसतं

आमच्याकडे पावसानं नाल्याकाठची शेतं खरडून नेली, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तर गेलीच पण वरची माती पण गेली, आणि मग काही महिन्यांनी मदतीची यादी ऑनलाइन आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी सेवा केंद्र चालवतो, म्हणजे सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा फॉर्म, लाइट बिल, जे येईल ते काम. यादी आली त्या आठवड्यात सकाळी आठलाच लोकं शटरसमोर उभे. त्यात एक आजी होत्या, बाजूच्या गावावरून ऑटोनं आलेल्या, पदराच्या गाठीत आधार कार्ड बांधलेलं. 'भाऊ, पाय बरं माह्यं नाव आलं का त्याच्यात.' मी आधारवर होतं तसंच नाव टाकलं (खरं नाव इथं देत नाही, अनसूया समजा) आणि स्क्रीनवर आलं, माहिती आढळली नाही. आजीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'म्हंजे याही खेपेले नाई न?'

याही खेपेले, कारण त्याआधी त्या दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या आणि दोन्हीकडे असंच झालं होतं.

मी अनसुया टाकून पाहिलं, नाही. अनुसया, नाही. अन्सुया, नाही. मग अनुसयाबाई टाकलं आणि आलं की समोर, नवऱ्याचं नाव बरोबर, गट नंबर बरोबर, रक्कम मंजूर, फक्त अंगठा लावून केवायसी व्हायची राहिली होती. पाच मिनिटाचं काम. पण त्या पाच मिनिटासाठी आजीच्या तीन चकरा, तीन दिवसाची निंदणाची मजुरी आणि ऑटोचं भाडं गेलं, आणि मी पण चौथ्यांदा कंटाळून 'नाही आजी' म्हटलं असतं तर ते पैसे तसेच पडून राहिले असते.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. कॉम्प्युटरला विचारलं होतं की ही अक्षरं या क्रमानं आहेत का, त्यानं सांगितलं नाहीत, तिथपर्यंत तो बरोबर आहे. पण ते उत्तर ऑपरेटरच्या तोंडून आजीच्या कानापर्यंत जाईस्तोवर 'तुमचं नाव नाही' असं होऊन जातं, आणि गावखेड्यातला माणूस ते शेवटचं उत्तर समजून घरी जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांच्या पैशाच्या, जमिनीच्या, मताच्या ज्या ज्या याद्या सरकार ऑनलाइन ठेवतं त्या सगळ्यात अंदाजे जुळणारं नाव शोधायची सोय कंपल्सरी असली पाहिजे, आणि ती नसेल तर त्या पोर्टलला 'माहिती आढळली नाही' असं म्हणायचा हक्कच नाही. पण याच्या दुसऱ्या अंगाला एक मोठी अट पण आहे, ती पुढं सांगतो.

आधी हे की यात अवघड काहीच नाही. काही लोकांना वाटते की कॉम्प्युटरनं चुकलेलं स्पेलिंग ओळखणं म्हणजे आत्ताची एआयची कमाल आहे. तसं नाही. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन नावाच्या सोव्हिएत गणितज्ञानं १९६५ मधेच याचं माप मांडून ठेवलंय. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं घालावी लागतात, किती काढावी लागतात, किती बदलावी लागतात ते मोजायचं, जेवढा आकडा लहान तेवढे शब्द जवळचे. त्याच्या एक वर्ष आधी, १९६४ मधे, आयबीएमच्या फ्रेडरिक डॅमेरोनं दाखवलं होतं की चुकलेल्या शब्दांपैकी ८० टक्क्यांहून जास्त शब्दांत एकच चूक असते, एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं, नाहीतर शेजारशेजारची दोन अक्षरं उलटसुलट झालेली. आता आजीचं नाव या मापानं मोजून पहा. कॉम्प्युटर काना, मात्रा, उकार हे पण वेगवेगळे मोजतो, तर अनसूयाचं अनसुया व्हायला एक बदल, अनुसया व्हायला दोन, अन्सुया व्हायला पण दोनच. म्हणजे 'दोन चुकांपर्यंत चालते' एवढं जरी त्या पोर्टलला सांगितलं असतं तरी तिन्ही नावं पहिल्या झटक्यात दिसली असती. राहिला 'बाई', तर बाई, भाऊ, राव, जी हे शेवटचे मानाचे शब्द शोधायच्या आधी बाजूला काढायचे. आपण गावात कोणाचं घर विचारतो तेव्हा डोक्यातल्या डोक्यात हेच करतो ना.

आणि याच्याही आधीची गोष्ट आहे ती मला फार जवळची वाटते. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसानं १९१८ मधे एक पेटंट घेतलं, नाव जसं लिहिलंय तसं नाही तर जसं ऐकू येते तसं कप्प्यात लावायचं, सारख्या आवाजाच्या अक्षरांना एकच आकडा द्यायचा. साउंडेक्स म्हणतात त्याला. १९३५ मधे तिथं म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा आला आणि हजारो म्हाताऱ्या माणसांकडे जन्माचा कागदच नव्हता, मग १८८० च्या जनगणनेत जी दहा वर्षांपर्यंतची लेकरं नोंदली होती त्यांच्या घरांची कार्डं या साउंडेक्सनं लावली, म्हणजे नाव कसंही लिहिलेलं असो, त्या माणसाची नोंद सापडावी आणि वय सिद्ध व्हावं. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा, हातानं लिहिलेली कार्डं होती. आमच्याकडे श्रावणबाळ योजनेसाठी वयाचा पुरावा शोधत फिरणारी म्हातारी माणसं मी दर आठवड्याला पाहतो, आणि जे काम नव्वद वर्षांआधी कार्डावर जमलं ते आज आपल्या पोर्टलवर का होऊ नये हे मला खरंच समजत नाही.

खर्चाचं कारण तर सांगूच नका. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस फुकट मिळतो आणि अशी अंदाजे जुळणी करणारे तुकडे त्याच्यासोबतच येतात. इलास्टिकसर्च म्हणून सर्चचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या सेटिंगमधे AUTO एवढा एक शब्द लिहिला की ते स्वतःच ठरवते, एकदोन अक्षरांच्या शब्दाला चूक माफ नाही, तीन ते पाच अक्षरांना एक चूक माफ, त्याच्यावर दोन.

पण तिथंच एक गोष्ट मराठीवाल्यांनी समजून घेतली पाहिजे, कारण हे सगळं इंग्रजीचा विचार करून बनवलेलं आहे. 'राम' हा शब्द घ्या. कॉम्प्युटरसाठी तो र, काना, म अशी तीन चिन्हं आहेत. 'रमा' म्हणजे र, म, काना. शेजारची दोन चिन्हं उलटसुलट, म्हणजे एकच चूक. तीन चिन्हांच्या शब्दाला एक चूक माफ, म्हणून राम शोधला की रमा पण हजर. असं आंधळेपणानं लावून दिलं की याद्या कचऱ्यानं भरतात आणि मग अधिकारी म्हणतात पहा, हे चालत नाही. चालते, पण मराठीच्या कानानं लावावं लागते. न आणि ण एका कप्प्यात, श ष स एका कप्प्यात, ल आणि ळ एका कप्प्यात, ऱ्हस्व-दीर्घाची चूक अर्धीच मोजायची, आणि आमच्या वऱ्हाडात काळ्याले काया आणि डोळ्याले डोया म्हणतात तर ळ आणि य मधे पण एक वाट ठेवायची. पोस्टग्रेसमधलं साउंडेक्स देवनागरीवर नीट चालत नाही असं त्यांच्याच माहितीपत्रकावरून समजते, म्हणजे मराठीसाठी हे कप्पे आपल्यालाच पाडायचे आहेत, बाहेरचं कोणी येऊन पाडून देणार नाही. आपल्याकडे इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, फायनल इयरच्या पोरांना याच्यापेक्षा चांगला प्रोजेक्ट कोणता.

'वऱ्हाडी' हा शब्दच पहा. त्यातला अर्धा र दोन-तीन पद्धतीनं टाइप होतो, डोळ्याला सगळे सारखेच दिसतात, आतमधले कोड वेगळे. तुम्ही एका पद्धतीनं लिहिला आणि यादीत दुसऱ्या पद्धतीनं असला तर कॉम्प्युटर म्हणतो नाही. 'ॲ' चं पण तसंच. जुन्या कृतिदेवसारख्या फाँटमधल्या पीडीएफमधे तर आत मराठी अक्षरच नसते, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्र चढवलेलं असते, तिथं तुम्ही कितीही शोधा. म्हणून अंदाजे जुळणीच्या आधी सगळं एका साच्यात आणणं लागते, आणि ते न करता पोर्टल उघडून देणं म्हणजे दार लावून घरात या म्हणण्यासारखं आहे.

आता याच्यावर मला हमखास मिळणारं उत्तर. लोकांनी आपली नावं दुरुस्त करून घ्यावी, आधार, सातबारा, बँक पासबुक, सगळीकडे एकच नाव. ऐकायला बरोबर वाटते. पण ते नाव आजीनं लिहिलेलं नाही हो. एक तलाठ्यानं लिहिलं, एक मास्तरनं, एक आधारच्या कॅम्पमधल्या पोरानं रात्री सातला लाइट जायच्या आधी घाईघाईत टाइप केलं, आणि मी पण असे शेकडो फॉर्म टाइप केले आहेत, त्यात माझ्या हातून किती उकार चुकले असतील देव जाणे. चूक लिहिणाऱ्याची आणि दुरुस्तीची चक्कर, स्टॅम्पपेपर, राजपत्र, तालुक्याच्या खेपा हे सगळं तिच्या माथी, हा कुठला न्याय. दुरुस्ती व्हावी, मी नाही म्हणत नाही, पण ती होईस्तोवर तिचं नाव सापडायला तर पाहिजे ना, सापडल्याशिवाय कुठलं चुकलं हे तरी कसं कळणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अंदाजे शोधू दिलं तर कोणीही कोणाचंही नाव चाळत बसेल. हे खरं आहे आणि याचा विचार झालाच पाहिजे. पण आधी तालुका आणि गाव निवडायला लावा, त्या गावापुरतीच जवळची पाच-सात नावं बाप-नवऱ्याच्या नावासकट दाखवा, आणि पुढची रक्कम, खाते नंबर उघडायला मोबाइलवर ओटीपी मागा. तेवढी नावं तर तशीही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेली असतात.

आता ती अट. अंदाजे जुळणी शोधायला पाहिजे, ठरवायला नको. आणि आपल्याकडे नेमकं उलटं होऊन राहिलं आहे, जिथं सैल पाहिजे तिथं अक्षर न अक्षर मागतात आणि जिथं घट्ट पाहिजे तिथं मशीन आपल्या मनानं बदलून टाकते.

आमच्या भागात रोही फार झाले आहेत, बाहेरचे लोक नीलगाय म्हणतात. एका शेतकऱ्याचं तुरीचं वावर रोह्यांनी साफ केलं म्हणून मी एका सर्च इंजिनवर 'रोही नुकसान भरपाई अर्ज' असं टाकलं तर पहिली सगळी पानं रोहयोची, रोजगार हमीची. त्याला वाटलं माझंच स्पेलिंग चुकलं. नीलगाय टाकलं तेव्हा कुठं वनखात्याच्या भरपाईची माहिती आली. म्हणजे आमच्या रोजच्या तोंडातला शब्द त्याच्या हिशोबात चूक ठरला, आणि हे फार वाईट वाटते, कारण कुटार, डवरा, तिफन, पऱ्हाटी असे किती शब्द असेच हळूहळू 'तुम्हाला हे म्हणायचं आहे का' च्या खाली दाबले जातील. मशीननं विचारावं, जरूर विचारावं, पण न विचारता बदलू नये. गूगलनं २०११ मधे शब्दाच्या आधी अधिकचं चिन्ह लावून तोच शब्द शोधायची सोय बंद केली तेव्हा लोकांनी ओरड केली आणि त्याच वर्षी जसंच्या तसं शोधायचा व्हर्बॅटिम नावाचा पर्याय त्यांना द्यावा लागला. दुहेरी अवतरणात शब्द टाकला तरी चालते. पण हे गावात किती जणांना माहीत आहे, मला विचाराल तर हाताच्या बोटावर.

काही जागी तर एक अक्षर पण इकडचं तिकडं चालत नाही. गट नंबर ११२ च्या जागी १२१ म्हणजे दुसऱ्याचं वावर. औषधांचं त्याहून भयानक. धानाच्या बांधीत तण मारायला सायहॅलोफॉप नावाचं औषध असते आणि अळीसाठी लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, दोघांचं अर्ध नाव एकच. मोबाइलवर 'सायहॅलो' एवढं टाइप करून पुढचं जे मशीननं भरलं ते दुकानदाराला दाखवलं तर अळीच्या जागी तणनाशक हातात यायला वेळ लागणार नाही. २०१७ मधे आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ती कारणं वेगळी होती, पण तेव्हापासून औषधाच्या नावाशी केलेला अंदाज मला सहन होत नाही.

आणि माणसाचा हक्कच मशीनच्या अंदाजावर सोडला तर काय होते हे आपल्या शेजारी तेलंगणात झालं आहे. तिथं २०१४ नंतरच्या काही वर्षांत जवळपास १९ लाख रेशनकार्डं रद्द झाली, त्यात कॉम्प्युटरनं वेगवेगळ्या याद्यांमधली नावं एकमेकांशी जुळवून हा माणूस श्रीमंत आहे असं ठरवायची पद्धत वापरली होती, आणि २०२२ मधे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की घरोघरी जाऊन पुन्हा तपासा. पत्रकारांनी समोर आणलेली एक केस अशी की रिक्षा ओढणाऱ्या माणसाचं नाव दुसऱ्या एका गाडीमालकाच्या नावाशी जुळवलं गेलं आणि त्याच्या बायकोचं रेशन बंद. याच्या उलट टोकाला अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य, तिथं मतदाराचा अर्ज सरकारी नोंदीशी अक्षरशः जुळलाच पाहिजे असा नियम होता, तर २०१८ च्या निवडणुकीआधी ५३ हजारांच्या आसपास नोंदण्या अडकून पडल्या, कुठं एक अक्षर, कुठं नावातली एक आडवी रेघ. दोन्हीकडे चूक एकच झाली, निकाल मशीननं दिला आणि मधे माणूस नव्हता.

आमच्याच गावात वानखडे पण आहेत आणि वानखेडे पण, एका मात्रेचा फरक, आणि ती दोन वेगळी घराणी आहेत. मशीननं दोन्ही दाखवावी, कोणतं आपलं ते माणसानं गट नंबर आणि बापाचं नाव पाहून सांगावं.

विदर्भात तर एका शब्दाच्या फरकाचं दुःख कोणाला सांगायची गरज नाही. गोवारी आणि गोंड-गोवारी. अनुसूचित जमातीच्या यादीत नाव गोंड-गोवारी, आणि गोवारी समाज म्हणतो ते आम्हीच. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात मोर्चात चेंगरून ११४ माणसं मेली, बाया आणि लेकरं पण त्यात. २०१८ मधे हायकोर्टानं गोवारी समाजाच्या बाजूनं निकाल दिला, २०२० मधे सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. कोण बरोबर हे या लेखात ठरवायची माझी लायकी नाही आणि जागा पण नाही. पण हे दोन शब्द एक की वेगळे हे ठरवायला इतिहास, जुने कागद, लोकांची राहणी सगळं कोर्टासमोर ठेवावं लागलं, ते कोणत्या मशीननं अक्षरं मोजून ठरवलं तर कोणालाच मान्य होणार नाही. मात्र ते जुने कागद शोधायला मशीनची सैल नजरच लागते. जातपडताळणीसाठी पोरं कोतवाल पंजीतली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतली, पणजोबाची नोंद शोधत येतात, तिथं नाव अर्धवट, अक्षर पुसलेलं, आणि इंग्रजांच्या काळच्या कागदात तर वाशिमचं बासिम आणि यवतमाळचं येओतमाळ केलेलं असते. चांद्याचं चंद्रपूर झालं ते तर कोणत्याच अंदाजानं जुळत नाही, तिथं जुन्या-नव्या नावांची जोडयादीच पाहिजे.

येत्या ग्रामसभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, आमच्या गावाच्या कोणत्याही यादीबद्दल 'नाव नाही' असं लिहून द्यायच्या आधी जवळची जुळणारी नावं त्या माणसाला वाचून दाखवायची आणि कोणती कोणती नावं टाकून पाहिली ते कागदावर लिहायचं. दोन, तसा ठराव करून पोर्टल चालवणाऱ्या खात्याला पाठवायचा. तोपर्यंत आजीच्या दिवसापासून मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे, एका नावाची जेवढी रूपं याद्यांमधे सापडतात तेवढी एका ओळीत लिहितो, अनसूयाच्या ओळीत आता सात झाली आहेत, कौसल्याच्या ओळीत पाच, पांडुरंगच्या ओळीत चार. आजूबाजूच्या गावातले दोन ऑपरेटर फोटो काढून घेऊन गेले, अजून कोणाला पाहिजे असेल तर या, वही टेबलावरच असते.